एसएसडी टाकूनही लॅपटॉप अडखळत होता, चूक बायोसमध्ये होती

बाबांच्या २०११च्या लॅपटॉपला लॅमिंग्टन रोडवरून २४० जीबीची साटा एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान ड्राइव्ह) आणून टाकली, जुन्या डिस्कचा क्लोन (हुबेहूब नक्कल) तिच्यावर मारला, विंडोज १० सुरू पण झालं, पण मोठी फाईल कॉपीला लावली की बाकी सगळं अडखळायचं आणि डिस्कचा दिवा नुसता पेटलेला. एसएसडीच खराब निघाली असं वाटून जाम वाईट वाटलं. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये) बघितलं तर साटा मोड, म्हणजे ड्राइव्हशी बोलायची पद्धत, जुन्या आयडीईवर! त्यात ड्राइव्ह एका वेळी एकच काम घेते, बाकीची रांगेत.

तो मोड थेट एएचसीआय (एका वेळी अनेक कामं घेणारी नवी पद्धत) केला तर विंडोज सुरूच होईना, एररची निळी स्क्रीन आली. म्हणून परत आयडीई केलं, एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोजचं सुरू होण्याच्या सेटिंगचं टूल) सेफ बूटला टिक, रीस्टार्ट, लगेच बायोसमध्ये एएचसीआय, सेफ मोडमध्ये (अगदी गरजेपुरतं विंडोज) एकदा सुरू होऊ दिलं आणि मग टिक काढली. आता मस्त पळतोय, बाबा खूश.