जळगाव-भुसावळकडे बदली झालीये? मे महिन्याचं बिल आत्ताच काढून ठेवा

बदलीची ऑर्डर आली की माणूस आधी घरभाडं विचारतो, मग मुलांची शाळा, मग सामानाचा टेम्पो. लाईटबिल कोणी विचारत नाही आणि विचारलंच तर "महिन्याला साधारण किती येतं हो" एवढंच, मग समोरचा म्हणतो "येतं आठशे-नऊशे" आणि विषय संपतो. आम्ही २०१९ च्या फेब्रुवारीत पुण्याहून जळगावला आलो तेव्हा अगदी हेच झालं. घरमालकांनी सांगितलेला आकडा खोटा नव्हता, पण तो जानेवारीचा होता. पुण्यात आमचं मीटर ११०-१२० युनिटच्या पुढे कधी गेलं नव्हतं आणि इथे पहिल्याच मे मध्ये ४३१ युनिट पडले, त्यात टँकरचे पैसे वेगळे. त्या महिन्यात घराचं सगळं बजेट कोलमडलं, आणि चिडचिड झाली ती वेगळीच. म्हणून जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, कुठेही येणार असाल तर सामान बांधायच्या आधी एक संध्याकाळ काढून हा हिशोब करा.

पहिली गोष्ट, रुपये विचारू नका, युनिट विचारा, आणि तेही मे महिन्याचे. दर बदलत राहतात, वीज नियामक आयोग नवीन दर लावतो, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचं रुपयातलं बिल आज कामाचं नाही, पण युनिट तेच राहतात. जे घर बघताय त्याच घराचं महावितरणचं कुठलंही एक बिल मागा. त्यावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्यात एप्रिल, मे, जून शोधा. बिल हाताशी नसेल तर १२ आकडी ग्राहक क्रमांक घ्या, तो टाकला की महावितरणच्या साइटवर बिल बघता येतं. आधीचे भाडेकरू दोघंच होते आणि दिवसभर ऑफिसला असायचे की घरात म्हातारी माणसं होती हेही विचारा, कारण दुपारी १२ ते ५ घरात कोणी असणं आणि नसणं यानेच सगळा फरक पडतो. आमच्या शेजारच्या आजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आठे ऊन भलतं तपस" (अहिराणीत, इथे ऊन फार तापतं). आम्ही हसून मान डोलावली, खरं समजलं ते मे मध्ये.

आता स्वतःचा हिशोब. १००० वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट, एवढंच गणित आहे. साधा जुना पंखा ७५ वॅटचा असतो. पुण्या-नाशिकला पंखा रात्रीपुरता, इथे मार्चपासून तो बंदच होत नाही, तीन पंखे सरासरी १६ तास धरा, म्हणजे दिवसाला ३.६ युनिट, महिन्याला १०८! नुसत्या पंख्यांचे. आम्हाला हे कागदावर मांडल्यावरच कळलं, तोपर्यंत सगळा दोष फ्रीजला देत होतो. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, साधारण ३० वॅट घेतो, म्हणजे तेच तीन पंखे ४३ युनिटमध्ये भागतात, महिन्याला ६५ युनिट वाचले. माझं मत विचाराल तर खान्देशात येताना एसीच्या आधी पंखे बदला, घर सोडताना काढून सोबत नेताही येतात.

कूलर. इकडे एप्रिल-मे मध्ये हवा कोरडी ठणठणीत असते, घाम अंगावर येतो न येतो तोच सुकतो, त्यामुळे कूलर जबरदस्त काम करतो. मुंबई-कोकणातल्या लोकांचा कूलरवर विश्वास नसतो कारण तिथल्या दमट हवेत तो चालत नाही, इथे ४३-४४ ला सुद्धा बरा चालतो, फक्त खिडकीत बसवा आणि समोरचं दार थोडं उघडं ठेवा, बंद खोलीत लावला तर चिकचिक होते. मोटर आणि पंप धरून २०० वॅट, १० तास, म्हणजे दिवसाला २ युनिट, महिन्याला ६०. पण कूलर वीज कमी आणि पाणी जास्त खातो, त्यावर खाली येतोच. दरवर्षी गवत किंवा हनीकोंब पॅड बदलायचा खर्च धरा, बोअरचं पाणी जड असेल तर जाळीवर पांढरा थर बसतो आणि गारवा अर्धा होतो.

एसी असेल किंवा घ्यायचा असेल तर त्याच्यावरचं स्टारचं लेबल वाचा. त्यावर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात आणि ते वर्षाला १६०० तास धरून काढलेले असतात. समजा लेबलवर ९६० आहे, तर भागिले १६००, तासाला ०.६ युनिट. पण हा आकडा जसाच्या तसा धरू नका, तो देशातल्या सरासरी हवेचा आहे, बाहेर ४५ असताना कॉम्प्रेसर श्वासच घेत नाही, म्हणून मी मे साठी दीडपट नाही तरी ४० टक्के वाढवून धरतो, म्हणजे तासाला ०.८५ च्या आसपास. रात्रीचे ८ तास, महिना ३० दिवस, २०४ युनिट झाले. २४-२६ वर ठेवून वर पंखा लावा, १८ वर ठेवून खोली लवकर गार होते हा गैरसमज आहे.

बाकीचं पटकन सांगतो. फ्रीज लेबलवर महिन्याला २० येत असेल तर मे ला ३० धरा. टीव्ही, लाईट, मिक्सर, वॉशिंग मशीन मिळून ३०. पाण्याची १ एचपीची मोटर रोज अर्धा तास, १५. गीझरचं उन्हाळ्यात नावच नको, गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी इतकं तापतं की हात भाजतो, आम्ही आंघोळीचं पाणी रात्रीच बादल्यांमध्ये भरून ठेवतो. पण इथे थंडी नसते असं समजून गीझर विकून येऊ नका, डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली उतरतो. २५ लिटर पाणी नीट तापवायला पाऊण युनिट लागतं, चार माणसांचं त्यावरून काढा.

तर बेरीज बघा. एसी नसलेलं घर: पंखे १०८, कूलर ६०, फ्रीज ३०, मोटर १५, इतर ३०, एकूण २४३. एसी असलेलं: कूलर निम्म्यावर आणा, एसीचे २०४ मिळवा, ४१७. आमच्या ४३१ च्या किती जवळ आलं बघा. आता स्लॅब. महावितरणचे घरगुती टप्पे १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्याच्या वर असे आहेत, आणि प्रत्येक टप्प्यात दर बराच चढतो. ३०० ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात असं लोक म्हणतात ते चूक आहे, फक्त वरचे युनिट महागतात. २४३ वालं घर दुसऱ्या टप्प्यात राहतं, ४१७ वाल्याचे ११७ युनिट तिसऱ्यात जातात. बिलावरचे चालू दर घेऊन टप्प्याटप्प्याने गुणा, त्यात बिलावरच दिसणारे वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचे), स्थिर आकार (दरमहा ठरलेला), इंधन समायोजन आणि मग १६ टक्के वीज शुल्क मिळवा. नुसता युनिट गुणिले दर केला तर आकडा हमखास कमी येतो.

आणि हे नीट वाचा, कारण यात भाडेकरूंचं सर्वात जास्त नुकसान होतं. बऱ्याच घरांत मीटर एकच असतं आणि वर-खाली दोन कुटुंबं, मध्ये सबमीटर. दोघांचे २४० - २४० युनिट असतील तर वेगवेगळ्या मीटरवर दोघंही ३०० च्या आत, पण एकाच मीटरवर ४८० होतात आणि त्यातले १८० तिसऱ्या टप्प्याच्या दराने लागतात. दोष कोणाचाच नाही पण भरायचे दोघांनी. म्हणून स्वतंत्र मीटरचं घर दोन-चारशे रुपये भाडं जास्त असलं तरी घ्या. गच्चीवर सोलर असेल तर त्याचा फायदा बिलात तुम्हाला मिळणार की मालकाला, हे आधीच बोलून घ्या, १ किलोवॅटचं सोलर दिवसाला साधारण ४ युनिट देतं, ही रक्कम लहान नाही. शिवाय उन्हाळ्यात महावितरणचं सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं, मागच्या वर्षीच्या वापरावरून काढलेलं, ते कोण भरणार? ठेव मालकाच्या नावावर राहते, मग ती त्यानेच भरावी असं माझं स्पष्ट मत आहे.

पाण्याचं. इथे "पाणी आहे का" असं विचारू नका, "नळ किती दिवसांनी येतात आणि किती वेळ" असं विचारा, आणि मे मधलं विचारा. जळगावला वाघूर धरणाचं पाणी, भुसावळला तापीचं, गावागावाचं गणित वेगळं, पण रोज नळ येतील हे धरून चालू नका. पाणीपट्टी बहुतेक ठिकाणी वर्षाची असते, तो खर्च किरकोळ, खरा खर्च साठवणीचा आहे. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी घरांसाठीचं सरकारी माप, चार माणसांना ५४० झाले, त्यात कूलर तासाला ५-६ लिटर पितो, १० तासांचे ६० लिटर मिळवा, म्हणजे रोजचे ६००. नळ तिसऱ्या दिवशी येत असेल तर १८०० लिटर साठवण लागणार. घरी गच्चीवर ५०० ची एकच टाकी आहे? मग हौद आहे का बघा, नाहीतर टाकीचा किंवा टँकरचा खर्च धराच. बोअर असलं तरी मागच्या मे मध्ये ते चाललं का, टँकर किती वेळा बोलावला, हे शेजाऱ्याला विचारा, मालकाला नाही. प्यायला २० लिटरचा जार उन्हाळ्यात आमच्याकडे दोन दिवसही पुरत नाही. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा, डेंग्यूचे डास त्यातच होतात.

गॅसचा खर्च शहर बदलल्याने फार बदलत नाही, फक्त एप्रिलमध्ये कुरडया-पापडांचा चीक घरीच शिजवणार असाल तर एक सिलेंडर लवकर संपेल.

घर बघायला सकाळी जाऊ नका. दुपारी ४ वाजता जा, पश्चिमेच्या भिंतीवर हात ठेवा, वरचा मजला असेल तर पंखा लावून पाच मिनिटं खाली उभं राहा, हवा गरम लागली तर समजा स्लॅब तापलेला आहे आणि ती उष्णता रात्री १२ पर्यंत खाली उतरत राहणार. आम्ही दुसऱ्या वर्षी मालकांना विचारून गच्चीवर पांढरा चुना मारला, फार खर्च आला नाही, मे चे युनिट ४३१ वरून ३६० झाले, कारण एसी लवकर बंद करता यायला लागला. शेवटचा मजला घेणारच असाल तर चुन्याचं आधी ठरवा आणि मग भाडं बोला.

हे सगळं एका कागदावर लिहा, मे चे युनिट, पावसाळ्याचे, थंडीचे असे तीन आकडे काढा, पावसाळ्यात कूलर बंद पण पंखे चालूच हे विसरू नका, आणि वर्षाची बेरीज भागिले १२ करून तेवढे पैसे पहिल्या महिन्यापासून बाजूला टाका. चावी हातात घेताना मीटरच्या रीडिंगचा तारखेसकट फोटो काढा आणि तो मालकांना तिथेच उभं राहून व्हॉट्सॲपवर पाठवा.