गालावरची लाली वांग हाय का दुसरंच काही, कसं वळखायचं

आमच्याकडं अंगावर काही उठलं की गजकर्ण, नाहीतर उष्णता, आणि मेडिकलवरून एक ट्यूब. मावशीच्या गालावर लाली आली तवा पण सगळ्यांनी वांगच म्हणलं, कापूस वेचायला उन्हात जाते म्हणून, ट्यूब लावता लावता आठ महिने गेले, मग पाय सुजले, लघवीला फेस यायला लागला तवा कळलं की ल्युपस हाय, म्हणजे अंगातली रोगप्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार, आणि किडनीपर्यंत गेलाय.

वांग तपकिरी असतो, खाजत नाही, हळूहळू वाढतो. ल्युपसची लाली दोन्ही गालांवरून नाकाच्या दांड्यावर पसरते, नाकापासून ओठाकडं उतरणारी घडी मात्र बहुतेक वेळा कोरी सोडते, आणि उन्हात गेलं की भडकते. आपल्या सावळ्या रंगावर ती जांभळट-काळपट दिसते, नेटवरचे फोटो गोऱ्या लोकांचे असतात, त्यांच्याशी जुळवत बसू नका. सोबत बारीक ताप, केस गळणं, तोंडात फोड, सकाळी सांधे आखडणं हे विचाराच, कारण नुसत्या चामडीवरून काही कळत नसतं.

मग हात बघा. बोटांच्या सांध्यांवर जांभळट उंचवटे, पापण्याही जांभळ्या, आणि उकिडवं बसलं की उठता येईना, वेणी घालताना हात वर राहीना, तर स्नायूंना सूज असू शकते, हे अशक्तपणा म्हणून सोडू नका.

पायावर लाल ठिपके असले तर काचेचा ग्लास दाबून बघा. दाबल्यावर रंग गेला नाही तर रक्त चामडीत उतरलंय. बोटाला उंचवटा लागला तर रक्तवाहिन्यांच्या सुजेची शंका घ्या, आणि सोबत ताप असला तर त्याच दिवशी दवाखाना. नडगीवर दुखऱ्या लाल गाठी आल्या तर टीबीची पण तपासणी करतात. कोपर-गुडघ्यावर चंदेरी पापुद्रे, नखांवर टाचणी टोचल्यासारखे खड्डे आणि आख्खं बोट सुजलेलं, तर सोरायसिस सांध्यात उतरलेला असू शकतो.

फिकट चट्टा बधिर असेल तर गोष्ट वेगळी, ती कुष्ठरोगाची शंका, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

स्किनच्या डॉक्टरला दाखवायला अंबाजोगाईला जा नाहीतर संभाजीनगरला घाटीच्या सरकारी दवाखान्यात, पण ट्यूब लावायच्या आधी उजेडात फोटो काढून ठेवा, कारण असल्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, त्यानं लाली काही दिवस बसते आणि डॉक्टरला दिसतच नाही. रक्तासोबत लघवी तपासायला सांगा. नुसती एएनए (ल्युपससारख्या आजाराची शंका आली की करतात ती रक्ताची तपासणी) पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नका, धडधाकट माणसात पण येते. आणि ती ट्यूब पिशवीत टाकून न्या, आमची मावशी लाजून घरीच ठेवून गेली होती.