मरायची तयारी: आधी रुसलेल्या माणसाला फोन, मग कागद

आपल्या ख्रिस्ती लोकांत कुणी गेलं की "प्रभूमध्ये निजले" असं आपण सहज म्हणतो, पण स्वतःच्या निजण्याचा विषय जेवताना काढून बघा, घरातले लगेच म्हणणार काहीतरी चांगलं बोला की. मी काढला होता, वरण गार झालं.

माझ्या आज्जीने मात्र बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सगळं ठेवलं होतं. बाप्तिस्म्याचा दाखला, पांढरी साडी, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला गीतांचे नंबर आणि खाली "पाळकांनी फार लांबण लावू नये". तरी तिची खरी तयारी डब्यात नव्हती. विहिरीच्या पाण्यावरून जावेशी तिचं कित्येक वर्षं बोलणं बंद होतं, तर एके दिवशी तिने जावेला बोलवून घेतलं, चहा ठेवला आणि म्हणाली, "माझं पण चुकलं गं." एवढंच. मग दोघी शेंगा फोडत बसल्या.

म्हणून माझ्या मते सुरुवात इथून करा. बायबलात मत्तय ५ मध्ये येशू सांगतो की अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी भावाशी समेट कर, आणि आपण काय करतो तर अर्पण टाकतो आणि भावाच्या पलीकडच्या बाकावर जाऊन बसतो 😅 आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेणं, तसं तुमच्याकडे असेल तर आदल्या शनिवारी पाच मिनिटं बसा, कुणाशी वाकडं आहे, कुणाचे पैसे द्यायचेत, कुणाला खोटं बोललो, आणि त्यातलं एक तरी त्याच दिवशी मिटवा. प्रेषित पौलाने ती भाकर खाण्याआधी स्वतःची परीक्षा करा म्हटलंय ते हेच, नुसते डोळे मिटून बसणं नाही. प्रार्थनेला स्तोत्र ९० घ्या, आमचे दिवस गणायला शिकव अशी त्यात विनंती आहे.

आणि तयारी म्हणजे हातातलं काम सोडून वाट बघत बसणं पण नाही हां. पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमा १९२१ ला गेली, तरी बाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करायचं काम सोडलं नाही, ५ एप्रिल १९२२ ला केडगावला गेल्या त्या काम करता करताच.

आता कागद. आपल्याला भारतीय वारसा कायदा १९२५ लागू होतो. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, रजिस्टर करायची सक्ती नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या पाहिजेतच. ज्याला काही द्यायचंय त्याला किंवा त्याच्या नवऱ्याला-बायकोला साक्षीला घेऊ नका, त्याच्या नावचं देणं रद्द होतं, आणि ही चूक घरातल्या घरात सही उरकताना हमखास होते. मृत्युपत्रच नसेल तर साधारण बायकोला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलामुलींना सारखं. मुलींना पण, हे काही भावांना नीट सांगावं लागतं.

चर्चच्या रजिस्टरला आपलं नाव चालू आहे का तेही विचारून ठेवा, कबरस्तानात जागेचं काय ते पण, नाहीतर ऐन वेळी पोरं पाळकांच्या दारात उभी राहतात. आणि गीतं स्वतः निवडा, नाहीतर त्या दिवशी ज्याचा आवाज मोठा तोच ठरवतो.