रामेन फुगण्याआधी

रामेनचा, म्हणजे रश्शातल्या जपानी नूडल्सचा, वाडगा टेबलावर आला की घड्याळ सुरू होतं. उकळत्या पाण्यातून काढलेल्या नूडल्स गरम रश्शात शिजतच राहतात, रस्सा ओढून घेतात आणि फुगतात. आठ-दहा मिनिटांत वाडगा संपवलात तर आचाऱ्याला अभिप्रेत असलेली चव मिळते. वीस मिनिटांनी त्याच वाडग्यात लिबलिबीत नूडल्स आणि गढूळ, कोमट पाणी उरतं. आसगाव, हणजूण किंवा पणजीला रामेन खायला जाणार असाल तर बसण्यापासून मागवण्यापर्यंत सगळं या आठ-दहा मिनिटांच्या हिशेबाने करा.

मेनूवरची नावं आधी समजून घ्यायला हवीत, कारण फसगत तिथेच होते. वाडग्याच्या तळाशी दोनेक मोठे चमचे 'तारे' असतो. हा खारट, दाट अर्क म्हणजे रामेनचं मीठ-मसाला. त्यावर साधारण ३०० ते ३५० मिलिलिटर रस्सा, मग नूडल्स (कच्च्या १२० ते १५० ग्रॅम), वर चमचाभर सुवासिक तेल आणि शेवटी मांस, अंडं, पात. शोयू म्हणजे सोया सॉसचा तारे, शिओ म्हणजे मिठाचा, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा. ही तिन्ही नावं ताऱ्याची आहेत. खालचा रस्सा कोंबडीचा, डुकराच्या हाडांचा की मासळीचा, हे त्यांवरून कळत नाही. तोनकोत्सु हे नाव मात्र रश्श्याचं आहे. डुकराची हाडं दहा-बारा तास किंवा त्याहूनही जास्त खळखळ उकळतात, त्यातली चरबी आणि जिलेटिन पाण्यात एकजीव होतात आणि रस्सा दुधासारखा पांढरा होतो. ही दक्षिण जपानमधल्या फुकुओकाकडची पद्धत. मिसो रामेन उत्तर जपानमधल्या साप्पोरोचं. थंड मुलुखातलं असल्यामुळे त्यावर बऱ्याचदा चरबीचा थर असतो.

म्हणून शिवराक खाणाऱ्याने 'व्हेज आहे ना?' एवढं विचारून थांबू नये. वर टोफू आणि भाज्या असल्या तरी खाली हाडांचा रस्सा असू शकतो. चार गोष्टी वेगवेगळ्या विचारा: रस्सा कशाचा, ताऱ्यात मासळी आहे का, तेल कशाचं, नूडल्समध्ये अंडं आहे का. ताऱ्याचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण जपानी स्वयंपाकात 'दाशी' (चवीसाठी वापरायचं पातळ सार) सगळीकडे असते आणि ती बहुधा कात्सुओबुशीची, म्हणजे धुरी देऊन खडखडीत वाळवलेल्या माशाच्या किसाची असते. निबोशी म्हणजे तर छोटी सुकी मासळीच. पुरुमेंताच्या सुक्या मासळीचा वास ओळखणाऱ्याला ती वाडग्यात लगेच सापडेल. श्रावणात किंवा चवथीच्या दिवसांत जाणार असाल तर हे फोनवरच विचारून घ्या, गर्दीच्या वेळी वाढप्याला आत जाऊन नीट चौकशी करायला सवड नसते. कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि सुके शिताके मशरूम यांचा निव्वळ शिवराक रस्साही उत्तम होतो. १९०८ साली किकुनाए इकेदा यांनी ज्या पदार्थातून ग्लुटामेट वेगळं काढून 'उमामी' ही चव सांगितली, तो हाच कोम्बू. डुकराचं मांस चालत नसेल पण कोंबडी चालत असेल तर 'तोरी पाइतान' आहे का विचारा. तो कोंबडीच्या हाडांचा तसाच दाट, पांढरा रस्सा असतो. वर ठेवलेला 'चाशू' मात्र सहसा डुकराच्या पोटाकडच्या मांसाचा असतो, तो बदलून मागावा लागेल.

तिखटाची सवय असलेल्यांना पहिल्या खेपेला तानतानमेन आवडेल. तिळाची पेस्ट, खिमा आणि मिरचीचं तेल असा त्याचा थाट असतो. काही ठिकाणी त्यात जीभ बधिर करणारी सिचुआन मिरी पडते. ती आपल्या तिरफळाच्याच कुळातली, त्यामुळे उडदमेथीवर वाढलेल्या जिभेला ती परकी वाटणार नाही.

नूडल्सचा पिवळसर रंग अंड्याचाच असतो असं नाही. पिठात 'कान्सुई' नावाचा खार घालतात. पापडखाराने पापडाच्या पिठाला जसा चिवटपणा येतो, तसा या खाराने नूडल्सना ताण आणि रंग येतो. कुठे कुठे नूडल्स किती कडक हव्यात हे विचारतात. 'काता' म्हणजे कडक, 'फुत्सू' म्हणजे नेहमीच्या, 'यावा' म्हणजे मऊ. तोनकोत्सुच्या बारीक, सरळ नूडल्स फार लवकर फुगतात, त्यामुळे सावकाश खाणाऱ्याने 'काता' सांगावं. जाड, कुरळ्या नूडल्स थोडा जास्त दम धरतात.

चौघांनी दोन वाडगे मागवून वाटून खाणं इथे जमत नाही. वाटावाटीतच पाच मिनिटं जातात. प्रत्येकाचा वाडगा वेगळा मागवा. वाटून खायला ग्योझा (मोमोसारखे), कारागे (तळलेलं चिकन) किंवा एदामामे (कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा) घ्या आणि ते आधी आणायला सांगा. एदामामेची शेंग ओठांत धरून दाणे आत ओढायचे असतात, साल खायची नसते. लहान मूल बरोबर असेल तर रिकामी वाटी आणि काटा सुरुवातीलाच मागून ठेवा. फोटो काढायचाच असेल तर एक काढा.

वाडगा आला की आधी ढवळू नका. चिनी मातीच्या चमच्याने वरचा रस्सा दोनदा चाखा, मीठ आणि तेल किती आहे ते कळतं. मग काड्यांनी तळाशी जाऊन नूडल्स एकदा वर उचला, म्हणजे त्या सुट्या होतात आणि तारे रश्शात मिसळतो. एका वेळी सात-आठ नूडल्सच घ्या. गठ्ठा उचलला की तो निसटतो आणि शर्टावर उडतो. तोंड वाडग्याजवळ न्या आणि भुरका मारा. कढीचा भुरका मारता येणाऱ्याला वेगळं काही शिकायला नको. नूडल्सबरोबर हवा आत गेल्याने घास निवतो आणि रश्श्याचा वास नाकापर्यंत पोचतो. दाताने अर्ध्यात तोडून उरलेल्या नूडल्स वाडग्यात टाकत बसलं की वेळही जातो आणि घासही गार होतो. जपानमध्ये या आवाजाला कुणी नाक मुरडत नाही, तुम्हीही संकोचू नका.

काड्या धरताना खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेवर स्थिर ठेवायची, वरची पेनासारखी धरून तेवढीच हलवायची. टोकाला धरलं तर जोर मिळत नाही, मध्याच्या थोडं वर धरा. जमत नसेल तर काटा मागा, फुगलेल्या नूडल्स काड्यांनी खाण्यापेक्षा ताज्या नूडल्स काट्याने खाल्लेल्या बऱ्या. काड्या भातात उभ्या खोचू नका आणि एकाच्या काडीवरून दुसऱ्याच्या काडीवर घास देऊ नका. या दोन्ही गोष्टी जपानमध्ये अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत.

चाशूचा तुकडा आधी मिनिटभर रश्शात बुडवून ठेवा, गोठलेली चरबी सुटते. नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाची, पट्टी कुरकुरीत हवी असेल तर लगेच खा, नाहीतर तिच्यात नूडल्स गुंडाळा. मेन्मा हे आंबवलेले बांबूचे कोंब, म्हणजे आपल्या किल्लाचे जपानी भाऊबंद. मुरवलेल्या अंड्याचा बलक अर्धवट पातळ असतो. तो फोडून रश्शात पसरवण्यापेक्षा चमच्यात घेऊन चार थेंब रश्शासोबत खा.

टेबलावरचं लसूण, व्हिनेगर, मिरचीचं तेल अर्धा वाडगा झाल्यावर घाला. पहिल्यापासून तिखट ओतलं तर सगळे रामेन एकाच चवीचे लागतात. दाट तोनकोत्सु जड वाटू लागलं की लाल आलं किंवा व्हिनेगरचे चार थेंब पुरतात.

'काएदामा' म्हणजे फक्त नूडल्सचा दुसरा वाढा. तो मिळत असेल तर दोन-तीन घास उरलेले असताना सांगा आणि निदान तिसरा हिस्सा रस्सा राखून ठेवा.

रस्सा संपवलाच पाहिजे असं नाही. वाडग्यातलं बहुतेक मीठ त्यातच असतं. अख्ख्या वाडग्यात पाच-सहा ग्रॅम मीठ सहज भरतं आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते. रक्तदाब असेल तर नूडल्स खा आणि रस्सा ठेवा.

मे महिन्याच्या घामात गरम वाडगा नको वाटला तर त्सुकेमेन मागा. गार पाण्यात धुतलेल्या जाड नूडल्स आणि वेगळा, फार तीव्र रस्सा. घासाचा अर्धा भागच बुडवायचा, पूर्ण बुडवला तर खारट लागतो. शेवटी साधा गरम रस्सा मागून उरलेल्यात मिसळून प्यायचा. सगळ्या प्रकारांत गोव्याच्या हवेला हाच सर्वात साजतो.

पार्सल शक्यतो टाळा. न्यायचंच असेल तर रस्सा, नूडल्स आणि वरचं सामान वेगवेगळं बांधायला सांगा. घरी आधी वाडगा गरम पाण्याने तापवा. रस्सा खळखळून उकळा, अंडं आणि नोरी बाजूला ठेवा. दुसऱ्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात नूडल्स वीस-तीस सेकंद बुडवून चाळणीत जोरात झटका, कारण अंगावर राहिलेलं पाणी रस्सा पांचट करतं. सगळे जेवायला बसल्यावरच नूडल्स रश्शात सोडा.