नव्या घरात एसीचे पाइप भिंतीत घेताय? या चुका टाळा

सांगली-मिरजेत एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की रंग लागलेल्या घरांत एसीवाला छन्नी घेऊन शिरतो. एसी यंदा घ्यायचा नसला तरी पाइप कुठून जाणार, हे वीटकाम झाल्यावर आणि गिलाव्याआधी ठरायला हवं. इलेक्ट्रिशियन झिरी मारतो तेव्हाच हे काम उरकून घ्या.

ड्रेन शेवटी आठवणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. गॅसच्या तांब्याच्या पाइपचा मार्ग आधी ठरतो आणि ड्रेन, म्हणजे एसीतलं पाणी बाहेर नेणारा पाइप, त्याच्यामागे कसाबसा ओढला जातो. गॅसला ढकलायला कॉम्प्रेसर आहे, ड्रेनच्या पाण्याला कुणीच नाही. ते फक्त उतारानं जातं. मीटरला किमान १ सेंटिमीटर उतार हवा. जागा असेल तर दुप्पट द्या. म्हणजे युनिटपासून पाणी सोडायची जागा ५ मीटरवर असेल, तर ५ ते १० सेंटिमीटरचा फरक भिंतीत मिळतोय का, हे आधी लेव्हल ट्यूबनं (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं) बघा. माझं मत विचाराल तर इनडोअर युनिटची जागा पलंगाकडे नाही, ड्रेनकडे बघून ठरवावी.

ड्रेनसाठी कडक पीव्हीसी पाइपच घ्या. मऊ घडीचा पाइप भिंतीत झोळ खातो, झोळात पाणी साचतं आणि शेवाळ धरतं. पाइप थेट बाथरूमच्या सांडपाण्याच्या लाइनीला जोडू नका. मध्ये ट्रॅप (पाणी साठवून वास अडवणारा बाक) ठेवला तरी हिवाळाभर एसी बंद असताना त्यातलं पाणी सुकतं आणि खोलीत वास येतो. ड्राय बाल्कनीच्या जाळीवर उघडं तोंड सोडलेलं बरं. गिलाव्याआधी युनिटच्या टोकाकडून बादलीभर पाणी ओता. दुसऱ्या टोकाला धार लगेच आली पाहिजे.

भिंतीत जोड ठेवणं

तांब्याचा रोल साधारण १५ मीटरचा मिळतो. घरातला मार्ग त्यात सहज बसतो, तेव्हा तुकडे जोडत बसायचं कारण नाही. नट लावलेला जोड तर भिंतीत कधीच नको. जाड आणि बारीक, दोन्ही पाइपांना वेगवेगळं नायट्राइल रबराचं आवरण हवं. स्प्लिट एसीत बारीक पाइपही गार असतो. तो उघडा राहिला की पावसाळी हवेत त्यावर पाणी सुटतं आणि भिंतीला ओल येते.

पाइप बसल्यावर टोकं बंद करून नायट्रोजन भरून घ्या, किमान ३०० पीएसआय (दाबाचं माप), २४ तास. रात्रीच्या गारव्यानं दाबाचा काटा थोडा उतरतो, ती गळती नव्हे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. नायट्रोजन नाही म्हणून कुणी ऑक्सिजन भरू लागला तर तिथंच थांबवा. तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो. गिलावा होईपर्यंत दाब तसाच ठेवावा, म्हणजे गवंड्याचा खिळा पाइपात गेला तर लगेच कळतं. गिलाव्याआधी भिंतीवर मोजायची टेप धरून पाइपांचे फोटोही काढून ठेवा.

चार इंची भिंत खोदणं

आवरणासह दोन पाइप आणि ड्रेन म्हटलं की झिरी चांगली खोल लागते. चार इंची भिंतीत ती मारली की भिंतीत काही उरत नाही. मार्ग बाहेरच्या जाड भिंतीतून न्या. कॉलम-बीमला छन्नी लावू देऊ नका. भरलेल्या झिरीवर जाळी मारूनच गिलावा करा, नाहीतर तडा ठरलेला.

आउटडोअर खाली ठेवणं

२०१९ च्या पुरात गावभाग, शामरावनगरात तळमजले बुडाले होते. अशा भागात पार्किंगमध्ये आउटडोअर नको. पहिल्या मजल्याच्या भिंतीवर किंवा गच्चीवर न्या. मात्र अंतर वाढलं की गॅस जादा लागतो. किती, ते कंपनीच्या पुस्तिकेत मीटरमागे दिलेलं असतं. अरुंद डक्टमध्ये कोंबलेला आउटडोअर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो, आणि दुरुस्तीला माणूस पोचत नाही.

राहायला गेल्यावर पाणी गळू लागलं तर

आधी फिल्टर धुवा. तो तुंबला की कॉइलवर बर्फ धरतो आणि वितळताना गळतो. तरी थांबलं नाही तर इनडोअर युनिटच्या पाणी जमायच्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओता. बाहेर आलंच नाही तर ड्रेन तुंबलाय, बाहेरच्या टोकाकडून व्हॅक्यूमनं ओढून घ्या. बाहेर नीट येतंय पण भिंत ओली आहे, तर आवरण कुठंतरी उघडं पडलंय. मग काढून ठेवलेला फोटो शोधा आणि तेवढीच जागा फोडा.