घडीचं टेबल लावण्याआधी भिंत ओळखा

भिंतीला घडी होऊन बसणारं टेबल छोट्या फ्लॅटसाठी खरंच हुशार वस्तू आहे. पण सगळे प्लायचा रंग निवडण्यात वेळ घालवतात आणि भिंतीकडे कुणी बघत नाही.

ड्रिल मारताना पडणारी भुकटी बघा. लाल आली तर वीट, करडी आणि कडक लागली तर काँक्रीट. पांढरट, मऊ भुकटी पडली आणि बिट लोण्यात गेल्यासारखं आत गेलं, तर तो एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेची बारीक छिद्रं असलेला हलका सिमेंटचा ब्लॉक. नव्या इमारतींत आता बऱ्याचदा हाच असतो. त्यात साधी प्लास्टिकची गिट्टी हळूहळू सैल होते. स्क्रू धरून ठेवणारे, एएसीसाठीचे खास अँकर किंवा भोकात चिकट रसायन भरून बसवायचे केमिकल अँकर घ्या आणि ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवा, नाहीतर भोक मोठं होतं.

ओढ किती बसते तेही बघा. टेबल ४५ सेंमी बाहेर येतंय, ब्रॅकेटच्या वरच्या-खालच्या स्क्रूंमध्ये ३० सेंमी अंतर आहे आणि पुढच्या कडेवर कुणी २० किलोचा भार टाकला, तर वरच्या स्क्रूंवर साधारण ३० किलोची ओढ येते. मुलं तर कडेवर लोंबकळणारच! म्हणून लांबीला उंच ब्रॅकेट घ्या, म्हणजे वरच्या-खालच्या स्क्रूंमधलं अंतर वाढून ओढ कमी होते. शक्य असेल तर आधी भिंतीवर लाकडी पट्टी पाच-सहा ठिकाणी कसून घ्या, मग ब्रॅकेट त्या पट्टीवर.

उंची जमिनीपासून ७५ सेंमी. खालचा प्लगपॉइंट झाकला जात नाही ना, हे मात्र टेबल बंद करून बघायचं.