वाहनाच्या बाह्यरेषेत चित्र कसे बसवावे

वाहनाच्या रॅपचे (वाहनावर चिकटवायच्या छापील विनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, आवरणाचे) डिझाइन करताना चित्र बाह्यरेषेबाहेर सांडू नये, यासाठी अडोबी इलस्ट्रेटर या चित्रे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधील क्लिपिंग मास्क (आकाराबाहेरचा भाग न कापता केवळ झाकणारी सोय) वापरावा. चित्र कापून टाकू नये, कारण कापलेला भाग पुढे हवा असला तरी परत मिळत नाही.

प्रथम टेम्पलेटमधील (वाहनाच्या तयार आराखड्यातील) बाह्यरेषा बंद आहे की नाही, हे तपासावे. चाकाच्या कमानीपाशी दोन बिंदू अनेकदा जुळलेले नसतात. ते जोडून घ्यावेत. मास्क होताच रेषेचा रंग व जाडी नाहीशी होते, म्हणून तिची एक प्रत वेगळ्या लेअरवर कुलूपबंद ठेवावी. दरवाजे, बॉनेट असे सुटे भाग एकाच चित्राने भरायचे असतील, तर ते सर्व निवडून कंट्रोल ८ ने त्यांचा कंपाउंड पाथ (अनेक आकार मिळून झालेला एकच आकार) करावा. मग हा पाथ चित्राच्या वर आणून दोन्ही निवडावेत आणि कंट्रोल ७ दाबावे. मास्कवर दोनदा क्लिक केल्यास आतले चित्र स्वतंत्रपणे सरकवता येते; चेहरा दरवाजाच्या मुठीवर किंवा फटीवर येत असेल, तर तो याच वेळी हलवावा.

टेम्पलेट १:१० प्रमाणात असल्यास त्यावरील ३०० पीपीआयचे (प्रति इंच पिक्सेल) चित्र प्रत्यक्ष आकारात केवळ ३० पीपीआयचे उरते, हे ध्यानात ठेवावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काटेकोर मास्क केवळ ग्राहकाला दाखवायच्या नमुन्यासाठी असतो. छपाईच्या फाइलमध्ये मास्क कडेपलीकडे वाढवून पुरेसे ब्लीड (कडेबाहेरचा जादा छापील भाग) ठेवावे, अन्यथा विनाइल कडेवर दुमडताना वाहनाचा मूळ रंग उघडा पडतो.